जुन्या कॉम्प्युटरमधलं सोनं: ॲसिडच्या आधीची कामं नीट करा

जुन्या कॉम्प्युटरमधून सोनं काढायचं म्हटलं की बहुतेक जण थेट ॲसिडपासून सुरुवात करतात. व्हिडिओत काचेच्या भांड्यात हिरवं पाणी फेसाळतं, शेवटी पिवळा मणी दिसतो आणि बघणारा दुसऱ्या दिवशी ॲसिडची बाटली शोधायला निघतो. मधली सगळी कामं, म्हणजे माल ओळखणं, वेगळा करणं, तोलणं, योग्य माणसाच्या हातात देणं, व्हिडिओत नसतात. पैसा त्याच कामांत आहे. हा लेख तेवढ्यासाठीच आहे: घरात, दुकानात, क्लासमध्ये किंवा मागाच्या कारखान्यात पडून असलेले जुने कॉम्प्युटर सोलापुरात बसून कोणत्या क्रमाने उघडायचे, काय कशात टाकायचं आणि कुठे थांबायचं.

आधी हिशेब

सोनं किती असतं हे माहीत नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो. म्हणून एक रॅम, म्हणजे मदरबोर्डवर उभी खोचलेली मेमरीची कांडी, हातात घ्या. डेस्कटॉपच्या डीडीआर३ पिढीच्या कांडीवर दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी पट्ट्या असतात. एक पट्टी साधारण पाऊण मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर लांब. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ साडेचार चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरतं. त्यावरचा सोन्याचा मुलामा चांगल्या प्रतीचा धरला तरी पाऊण मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केला की एका रॅमच्या पट्ट्यांवर साडेसहा मिलिग्रॅम येतात. एक ग्रॅमसाठी दीडशे रॅम लागतील, आणि तेही कणभर वाया गेलं नाही तर. स्वस्तातल्या रॅमवर मुलामा याहून पातळ असतो.

मदरबोर्डचं तसंच. कॉम्प्युटरच्या बोर्डांत टनामागे साधारण १०० ते २५० ग्रॅम सोनं धरतात. खाणीतल्या दगडात टनाला काही ग्रॅमच मिळतं, त्या मानाने हे पुष्कळ झालं. पण तुमच्याकडे टन नसतो. अर्ध्या किलोच्या एका बोर्डात ०.०५ ते ०.१२ ग्रॅम येतं. सराफ कट्ट्यावरचा आजचा भाव घालून बघा, मग ॲसिड, भांडी आणि काढलेले दिवस त्यातून वजा करा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असंच उत्तर येईल.

तयारी

जागा हवेशीर हवी, पण पंख्याखाली नको, कारण जुन्या कॅबिनेटमधली धूळ उडते. फरशीवर जुनी चादर अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू सापडतो. लहान मुलं, स्वयंपाकघर आणि पिण्याचं साठवलेलं पाणी या तिन्हींपासून लांब बसा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि घरोघरी टाक्या-पिंप भरलेली असतात. बोर्डावरच्या डाखातलं (सोल्डरमधलं) शिसं धुळीबरोबर त्यात जायला नको.

हत्यारं फार लागत नाहीत. फुलीच्या टोकाचे आणि चपटे पेचकस, तारांसाठी पकड, एक लोहचुंबक, जाड हातमोजे, चष्मा, तोंडाला चांगला मास्क. ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा हवाच. झाकणाचे सहा-सात प्लास्टिक टब आणि प्रत्येकावर चिकटवायला कागद. एक वही: तारीख, प्रकार, नग, वजन.

तपासणी: टबांवर नावं (ती टप्पा ५ मध्ये आहेत) लिहिण्याआधी एकही कॅबिनेट उघडू नका. "आधी उघडतो, मग वेगळं करतो" असं ठरवलं की सगळा माल एका गोणीत जातो आणि भंगारवाला त्या गोणीचा भाव सगळ्यात हलक्या मालावरून ठरवतो.

टप्पा १: चालू आहे का ते बघा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. चालू रॅमची किंमत बहुतेक वेळा तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त असते. डीडीआर४ तर आजही नव्या-जुन्या मशीनमध्ये जाते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी डिस्क), लॅपटॉपचा चार्जर, चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा), यांतलं काहीही चालत असेल तर आधी वापरायला विका किंवा एखाद्या शाळेला द्या. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रॅम तपासून घ्यायला फार वेळ लागत नाही.

जी वस्तू खरंच मेली आहे तिच्यावर मार्करने फुली मारा. तीच पुढे जाईल.

टप्पा २: डेटा

हार्ड डिस्क फॉरमॅट केली म्हणजे डेटा गेला, हा समज अजून घट्ट आहे. साध्या फॉरमॅटने फक्त यादी पुसली जाते, फाइल जागेवरच राहतात. डिस्क चालू असेल तर पूर्ण डिस्कवर नव्याने लिहिणारं सॉफ्टवेअर चालवा. एसएसडीसाठी त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला सुरक्षित पुसण्याचा पर्याय वापरा, वरून लिहिण्यावर विसंबू नका. डिस्क बंद असेल तर तिच्यातून ड्रिलने आरपार भोकं पाडा.

सावध: लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधली तबकडी बहुतेक वेळा काचेची असते. हातोडा मारला तर आत चुरा होतो आणि उघडताना डोळ्यात उडतो. ड्रिल करताना चष्मा आणि हातमोजे काढायचे नाहीत.

सीए, डॉक्टर, पतसंस्था, क्लास यांच्या मशीनमध्ये दुसऱ्यांची माहिती असते. त्यांनी पुनर्चक्रण करणाऱ्याकडून डेटा नष्ट केल्याचं प्रमाणपत्र लेखी मागावं.

टप्पा ३: वीज आणि बॅटऱ्या

वायर काढा. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे बोर्डवरची उरलेली वीज निघून जाते. पण एसएमपीएसच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरची गोष्ट वेगळी. घरातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर तिथे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होते आणि वायर काढल्यावरही ती काही काळ साठून राहू शकते. एसएमपीएस उघडायचा नाही. अख्खाच एका टबात ठेवा. त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आहे, पण मौल्यवान धातू नावालाच.

जुना डबा-मॉनिटरही उघडू नका. पडद्यामागच्या काचेच्या नळीत निर्वात पोकळी असते, काचेत शिसं असतं आणि आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा भाग असतो. २०१० च्या आधीच्या बऱ्याच सपाट स्क्रीनमध्ये मागे पारा असलेल्या बारीक नळ्या असतात. त्याही अख्ख्याच द्या.

बॅटऱ्या आधीच बाजूला काढा: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, लॅपटॉपचा पॅक, यूपीएसची शिशाची बॅटरी. तिन्ही वेगळ्या डब्यांत. लिथियम पॅकच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेला पॅक दाबून सपाट करायचा प्रयत्न करू नका. त्याला वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि आधी तोच देऊन टाका.

सावध: एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं. लॅपटॉपच्या बॅटऱ्या शेडमध्ये साठवून ठेवल्या की आगीला आमंत्रण. उन्हाळ्याच्या आधी त्या निघून जातील असं बघा.

टप्पा ४: उघडण्याचा क्रम

क्रम असा: बाजूचा पत्रा, मग वायरी, मग रॅम, मग कार्डं, मग हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह, मग एसएमपीएस, सगळ्यात शेवटी मदरबोर्ड. रॅम आधी काढायची, कारण बोर्ड ओढताना तिची पट्टी कॅबिनेटच्या धारेवर घासते आणि मुलामा खरवडला जातो. कार्ड काढताना मागचा स्क्रू आणि खालची खिट्टी दोन्ही सोडवा. ओढून काढलं तर पिवळ्या पट्ट्या स्लॉटमध्ये घासतात.

प्रोसेसर काढताना आधी पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) सोडवा. वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंक चिकटलेला असतो. सरळ वर न खेचता तो डावी-उजवीकडे हळूच फिरवा, नाहीतर पिनांसकट प्रोसेसर उपटून येतो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरला पिना खाली असतात. इंटेलने २००४ च्या सुमारास पिना प्रोसेसरवरून काढून बोर्डवरच्या सॉकेटमध्ये नेल्या. म्हणून नंतरच्या इंटेल बोर्डाचं सॉकेट उचकटायचं नाही. त्यातल्या बारीक पिनांवरच सोनं आहे.

तपासणी: मदरबोर्ड बाहेर आल्यावर तो ज्या पिवळ्या नळ्यांवर बसवला होता त्या हातात घ्या. त्या पितळेच्या. त्यांना सोनं समजून वेगळ्या पुडीत बांधणारे कमी नाहीत.

टप्पा ५: प्रतवारी

इथे घाई करायची नाही. बाकी सगळे टप्पे याच एकासाठी आहेत.

पहिला टब रॅमचा. रॅम अख्खी ठेवा. कात्रीने सोनेरी कडा कापून विकायची टूम निघाली आहे. कापलेल्या कडांचा किलोचा भाव मोठा वाटतो, पण उरलेल्या रॅमचा भाव त्याहून जास्त घसरू शकतो. तिच्या काळ्या चिपच्या आतही धातू असतो. जुन्या चिपमध्ये आतल्या जोडण्या केसाहून बारीक सोन्याच्या तारेने केलेल्या असत. कडा कापताना पट्ट्यांची पावडर होते ती वेगळीच. कापण्याआधी घेणाऱ्याला दोन्ही भाव विचारा आणि वजन धरून तुलना करा.

दुसरा टब प्रोसेसरचा, आणि त्यातही दोन भाग. नव्वदच्या दशकातले चिनीमातीच्या पाठीचे जांभळट किंवा करडे प्रोसेसर, ज्यांच्या मध्यभागी सोनेरी झाकण असतं, ते वेगळे. नग मोजून वहीत लिहा. यात सोनं सगळ्यात जास्त. हिरव्या पाठीचे अलीकडचे प्रोसेसर दुसऱ्या पिशवीत. दोन्ही एकत्र तोललेत तर चांगला माल हलक्याच्या भावात जातो. चिनीमातीचे प्रोसेसर फोडूही नका. काही जुन्या इलेक्ट्रॉनिक भागांत बेरिलियम असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

तिसरा टब मदरबोर्ड आणि कार्डांचा. हिरवे, निळे, काळे, सगळे अनेक थरांचे फायबरचे बोर्ड. सर्व्हर, टेलिफोन एक्स्चेंज किंवा नेटवर्कचे जुने जाड बोर्ड मिळाले तर ते वेगळे काढा, त्यांचा दर्जा वरचा. हार्ड डिस्कच्या खालचा लहान बोर्ड चार-सहा स्क्रूंनी सुटतो. तो लहान, पण चांगल्या प्रतीचा, म्हणून त्याची पिशवी वेगळी. साध्या बोर्डांवरचे बारीक तपकिरी तुकडे म्हणजे सिरॅमिक कपॅसिटर. साधारण २००० सालाच्या आधीच्या बोर्डांत त्यांच्यात पॅलेडियम हा महाग धातू असे. नंतर उद्योग निकेलकडे वळला. म्हणून जुना बोर्ड झटकू-खरवडू नका. पडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे गेलेला पैसा.

चौथा टब हलक्या बोर्डांचा: प्रिंटरमधले किंवा आधीच कोणी उघडलेल्या एसएमपीएस, मॉनिटर, टीव्ही यांतले तपकिरी, एका बाजूलाच तांबं असलेले बोर्ड. दुरून बोर्ड तो बोर्ड, पण हा कागदी गाभ्याचा असतो आणि त्यात मौल्यवान धातू जवळजवळ नसतो. एक किलो तपकिरी बोर्ड तिसऱ्या टबात मिसळला की अख्ख्या टबाचा भाव खाली येतो.

कीबोर्ड उघडला तर आत दोन-तीन पारदर्शक प्लास्टिकच्या पानांवर चंदेरी रेषा दिसतात. त्यात चांदीची शाई असते. पानं न चुरगाळता एकावर एक ठेवा. एका कीबोर्डात नगण्य, पण क्लास किंवा सायबर कॅफे बंद होताना साठ-सत्तर कीबोर्ड निघतात, तेव्हा विचारून बघायला हरकत नाही.

वायरी, पत्रा, ॲल्युमिनियमचे हीटसिंक, तांब्याचा गाभा असलेले हीटसिंक, हे नेहमीचं भंगार. लोहचुंबक लावा: चिकटलं ते लोखंड, नाही चिकटलं ते ॲल्युमिनियम, तांबं, पितळ. वायर जाळून तांबं काढायचं नाही. पीव्हीसीच्या धुरातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं आणि जळकं तांबं विकतानाही भाव कमी मिळतो.

टप्पा ६: बोर्ड साफ करणं

तिसऱ्या टबातल्या बोर्डांवरून फक्त एवढंच काढा: बॅटरी, हीटसिंक, लोखंडी पट्ट्या, मागच्या बाजूचा पत्रा, पंखा. लोखंडासकट तोललेला बोर्ड जड भरतो, पण घेणारा "लोखंडासह" म्हणून भाव कापतो आणि तो कट तुमच्या वाढीव वजनापेक्षा मोठा असतो.

चिप उपटू नका. बोर्ड गॅसवर तापवून डाख वितळवू नका. जुन्या डाखात शिसं आहे आणि फायबरमध्ये आग रोखणारं ब्रोमीन. तापवल्यावर दोन्ही त्याच खोलीत येतात. पाण्याने धुऊ नका. कोरड्या ब्रशने धूळ काढली की पुरे.

तपासणी: प्रत्येक टब रिकाम्या टबाचं वजन वजा करून तोला आणि आकडा वहीत लिहा. त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढा, काट्यावरचा आकडा दिसेल असा.

इथे थांबा: ॲसिडचं काम घरी नाही

सोलापूर-सांगलीच्या पट्ट्यात गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं, काम सगळ्यांना माहीत आहे. विटा-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर आहेत आणि सराफाच्या दुकानातली धूळ धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपण पाहिलेले आहेत. त्यामुळे "त्यांना जमतं तर बोर्डातूनही निघेल" असं वाटणं साहजिक आहे. पण सराफाच्या मालात सोनं मुख्य असतं आणि इतर धातू थोडे. बोर्डात उलटं आहे: तांबं, कथील, लोखंड, निकेल, शिसं, फायबर, आणि त्यात सोनं कणभर.

त्याचा परिणाम भांड्यात दिसतो. नायट्रिक ॲसिड आधी तांब्यावर खर्च होतं. कथिलापासून पांढरा चिकट गाळ तयार होतो, तो गाळणी बंद करतो आणि सोन्याचे बारीक पापुद्रे स्वतःत अडकवून ठेवतो. द्रावणात गेलेलं सोनंही, तांबं शिल्लक असेल तर, पुन्हा त्याच्यावर जाऊन बसतं. व्हिडिओ बघून केलेल्या कामात शेवटी "सोनं निघालंच नाही" होतं ते याच कारणांनी. सोनं सांडपाण्यात आणि गाळात गेलेलं असतं.

आणि धूर. नायट्रिक ॲसिड तांब्याला लागलं की तपकिरी वाफ निघते, ती नायट्रोजन डायऑक्साइड. हुंगल्यावर थोडा खोकला येतो, माणूस पाणी पिऊन परत कामाला लागतो आणि काही तासांनी फुफ्फुसांत पाणी भरायला लागतं. अशी वाफ श्वासात गेली असेल तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना गाठा आणि काय वापरलं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग, वर घर आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. तिथे एका खोलीतली वाफ एका घरापुरती राहत नाही. उरलेलं तांब्या-शिशाचं ॲसिड गटारीत ओतलं की ते कुठल्या बोअरला लागेल सांगता येत नाही.

कायद्याचंही बघा. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्चक्रण किंवा दुरुस्त करून विकण्याचा धंदा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केल्याशिवाय करता येत नाही. स्वतःचा कॉम्प्युटर उघडणं वेगळं, दुसऱ्यांचा माल घेऊन घरात धातू काढणं वेगळं.

मोठे कारखाने हे काम असं करतात: बोर्डांचे तुकडे, मग भट्टीत तांब्याबरोबर वितळवणं, मग विजेने तांबं शुद्ध करणं. सोनं, चांदी, पॅलेडियम तळाच्या गाळात जमतात आणि तिथून वेगळे होतात. भट्टीचा धूर पकडायची यंत्रणा हाच त्यातला महागडा भाग. घरच्या शेगडीवर नेमका तोच नसतो.

टप्पा ७: कोणाला आणि कसं द्यायचं

केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी असते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय सोलापुरातही आहे, तिथे जवळचं नाव विचारता येतं. फोनवर तीनच प्रश्न विचारा: नोंदणी क्रमांक काय आणि मुदत कधीपर्यंत, प्रतवारीप्रमाणे वेगळे भाव देता का, कमीत कमी किती किलो माल उचलता.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तुमच्याकडच्या मालापेक्षा मोठं असेल. अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याहून दहा किलोसाठी गाडी येणार नाही. यावर उपाय एकच, एकत्र या. नवी पेठेतली दोन-चार दुरुस्तीची दुकानं, एखादा बंद पडलेला क्लास, कॉलेजची जुनी लॅब, चादरीचं डिझाइन करणाऱ्या कारखान्यातले बाद कॉम्प्युटर, सगळ्यांचा माल एका दिवशी, पण प्रत्येकाची वही आणि टब वेगळे. एकाने दुसऱ्याचा माल विकत घेऊन साठवायचा नाही. गाडी आली की ज्याचा त्याने तोलून द्यायचा. एकच लॅपटॉप असेल तर ज्या कंपनीचा आहे तिच्या वेबसाइटवर जुना माल परत घेण्याची सोय शोधा.

माल मोठा असेल तर नमुना तपासून भाव ठरवायचं मागता येतं. त्यात सगळा माल बारीक करून त्यातून नमुना घेतात आणि टंच काढावा तसं सोन्याचं प्रमाण काढतात. चार-दोन गोण्यांसाठी हे परवडत नाही, तिथे किलोचा भावच घ्या. पण किमान तीन ठिकाणचे भाव एकाच दिवशी विचारा, कारण बोर्डांचा भाव सोन्या-तांब्याबरोबर हलतो आणि आठवड्यापूर्वीचा आकडा तुलनेला चालत नाही.

सावध: "सगळं मिळून एवढे" असा भाव मान्य करू नका. तुम्ही केलेली प्रतवारी त्या एका वाक्यात वाया जाते.

देताना त्यांच्या काट्यावरचं वजन तुमच्या वहीशी ताडून बघा. फरक आला तर गाडी भरण्याआधी बोला. पावतीवर नोंदणी क्रमांक, प्रत्येक प्रतीचं वजन आणि भाव, बॅटऱ्या आणि मॉनिटरचे नग वेगळे लिहून घ्या. बॅटऱ्या आणि मॉनिटरचे पैसे न देता फक्त नेतो म्हणाले तरी नेऊ द्या, पण पावतीशिवाय नाही. चांगले बोर्ड उचलून या अवघड वस्तू मागे ठेवून जाणारा घेणारा असेल, तर सगळं मिळूनच देणार, असं सौदा ठरवतानाच सांगून ठेवा.